बीं कोणाचें घ्यावें?

मृगाचे ढग आकाशांत दिसूं लागले म्हणजे खेड्यांतील शेतकऱ्याप्रमाणें शहरांतील गृहस्थाच्या मनांतहि पेरणीचे विचार घोळूं लागतात. परसांत दोन हात मोकळी जागा असो, चाळीच्या सज्ज्यांत चार कुंड्या असोत, अगर गच्चीवर मातीनें भरलेले जुने डबे असोत, यंदां घरची भेंडी, घरचीं वांगीं, घरची मेथी खावयाची, असा बेत घरोघर ठरतो. मग खत कोणतें घालावें, पाणी केव्हां द्यावें, ऊन किती लागतें, याविषयीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु या सर्वांच्या आधीं जो प्रश्न विचारावयास पाहिजे, तो क्वचितच कोणी विचारतो. बीं कोणाचें घ्यावें, हा तो प्रश्न होय. आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें आज आम्ही तोच मांडीत आहों.

बाजारांतील बहुतेक जिन्नस आपण पारखून घेतों. ज्वारीचा दाणा दाताखालीं फोडून पाहतां येतो, तूप हुंगून पाहतां येतें, कापड चिमटींत धरून पाहतां येतें. बियाण्याची गोष्ट निराळी आहे. मेलेलें बीं आणि जिवंत बीं हीं डोळ्यांना बहुधा सारखींच दिसतात. बीं हा निजलेला जीव आहे. तो अगदीं मंदपणें कां होईना, श्वास घेत असतो. आणि उष्णता व ओल हीं दोन वाढलीं कीं त्याचें आयुष्य झपाट्यानें सरतें. कांद्याचें बीं साध्या हवेंत ठेवलें तर वर्षभरांतच त्याचा जोम जातो. टोमॅटो व वांगीं यांचें बीं कोरड्या व थंड जागीं तीनचार वर्षें टिकूं शकतें. काकडी-भोपळ्याचें त्याहूनहि अधिक. पण तेंच बीं पत्र्याच्या छपराखालीं, उन्हाच्या झळईंत, पावसाळ्याच्या दमट हवेंत उघड्या बरणींत पडून राहिलें, तर हा हिशेब राहत नाहीं. दुकानदारानें तें कोठें व किती दिवस ठेविलें होतें, हें बियाण्याच्या अंगावर लिहिलेलें नसतें.

कोणी म्हणेल, थोडक्या पैशांच्या पुडीसाठीं एवढा विचार कशाला? मोठ्या माणसाचें नुकसान थोडें होतें, हें आम्हांस मान्य आहे. पण घरांतील मुलाचें काय होतें, इकडे आम्ही पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मुलगा मोठ्या हौसेनें वाफा करतो, रोज सकाळीं शाळेंत जाण्यापूर्वीं झारीनें पाणी घालतो, आठ दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस वाट पाहतो. वाफा रिकामाच राहतो. तेव्हां बीं मेलेलें होतें असें त्याच्या मनांत येत नाहीं. आपल्या हाताला यश नाहीं, असें त्याला वाटतें. आणि घरांतील कोणी हंसलें तर ती समजूत पक्कीच होते. तो मुलगा पुढें मातींत हात घालावयास सहसा येत नाहीं. एखाद्या दुकानाच्या फळीवर मेलेल्या बियाण्यानें एका मुलाचा स्वतःवरील विश्वास न्यावा, ही हानि आम्ही लहान समजत नाहीं.

म्हणून आमचें मत आम्ही आरंभींच स्पष्ट सांगतों. ज्याच्याकडे परत जाऊन विचारतां येतें, व विचारल्यावर जो उत्तर देतो, त्याचेंच बीं घ्यावें. तो सरकारी असो कीं खाजगी, मोठा व्यापारी असो कीं शेजारची आजी, हा भेद गौण आहे. जबाबदारी घेणारा माणूस, हीच बियाण्याची पहिली पारख होय.

ही जबाबदारी केवळ सज्जनपणावर सोडलेली नाहीं. १९६६ च्या बियाणें कायद्यानें पाकिटावरील माहितीस महत्त्व दिलें, आणि १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशानें विक्रेत्यास परवाना घेणें व गिऱ्हाइकास पावती देणें आवश्यक केलें. पाकिटाच्या दर्शनी बाजूस लालबुंद टोमॅटोचें चित्र असतें. आम्ही मुलांना सांगूं कीं, तें पाकीट उलटें करा. मागील बाजूस अगर चिठ्ठीवर पिकाचें व वाणाचें नांव, लॉट क्रमांक, उगवणशक्तीचें शेंकडा प्रमाण, शुद्धता, चाचणीची तारीख व मुदत हीं पाहा. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. उत्पादकानें स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याची हिरवी. मुदत साधारणतः चाचणीपासून ९ महिन्यांची धरलेली असते. ज्या पुडीवर यांपैकीं कांहींच नाहीं, तिच्यावरचें चित्र कितीहि सुंदर असो, ती परत फळीवर ठेवावी.

उगवणशक्तीचे आंकडे वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कोणतेंहि बीं शंभरांत शंभर उगवत नाहीं. प्रमाणित बियाण्यास किमान उगवण टोमॅटो, वांगें व कांदा यांची शेंकडा ७०, भेंडीची ६५ व मिरचीची ६० अशी ठरविलेली आहे. म्हणून मिरचीच्या दहा बियांपैकीं सहा उगवल्या, तर दुकानदारानें फसविलें असें म्हणूं नये. दोनच उगवल्या तर मात्र विचारावयास जावें. जाण्यापूर्वीं घरीं परीक्षा करून पाहावी, म्हणजे आपलें बोलणें मुद्द्याचें होतें. ओल्या फडक्यांत वीस बिया ओळीनें मांडून त्याची सैल गुंडाळी करावी, ती सावलींत ठेवून फडकें वाळूं देऊं नये, व आठदहा दिवसांनीं मोड मोजावे. कारल्याच्या जाड सालीच्या बिया आधीं रात्रभर भिजत घालाव्या. हा प्रयोग आठ वर्षांच्या मुलासहि करतां येतो. यांत विज्ञानहि आहे व गणितहि आहे. मात्र पुष्कळ बियाण्यांस औषध लावलेलें असतें, व तें ओळखतां यावें म्हणून त्यास गुलाबी, निळा अगर हिरवा रंग दिलेला असतो. असलें बीं मुलांनीं तोंडांत घालूं नये, हाताळल्यावर हात धुवावे, व उरलेलें बीं पांखरांना टाकूं नये.

आतां प्रत्यक्ष जागांविषयीं बोलूं. आपल्या प्रांतांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें चार कृषि विद्यापीठें आहेत. १९७६ सालीं स्थापन झालेलें राज्याचें बियाणें महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेलें ‘महाबीज’, अकोल्यास आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत कृषि विज्ञान केंद्रेंहि आहेत. घरच्या बागेसाठीं लोक यांच्याकडे क्वचितच वळतात. हीं ठिकाणें मोठ्या शेतकऱ्यांचीं, असा त्यांचा समज असतो. पण यांच्या वाणांचा मोठा गुण हा कीं, ते आपल्याच पावसांत व आपल्याच रोगराईंत पारखलेले असतात. भेंडीचें उदाहरण घ्या. दिल्लीच्या संशोधन संस्थेंतून निघालेली ‘पुसा सावनी’ ही भेंडी एके काळीं देशभर गाजली, कारण पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगापुढें ती टिकत असे. कालांतरानें तिची ती शक्ति राहिली नाहीं. पुढें परभणीस ‘परभणी क्रांति’ हा वाण तयार झाला, तो याच रोगाशीं टक्कर देण्यासाठीं. जेथें रोग आहे तेथेंच त्यावरचा वाण शोधला गेला, हें त्यांतील मर्म आहे. कोंकणांतल्या घराला दापोलीचा सल्ला व मराठवाड्यांतल्या घराला परभणीचा, हें म्हणूनच योग्य होय.

याच्या उलट टोंकास, मोबाईलच्या पडद्यावरून दूरदेशींचें बियाणें विकणारे आहेत. तेथें निळे टोमॅटो दिसतात, मनगटाएवढ्या मिरच्या दिसतात, इंद्रधनुष्याच्या रंगाचीं कणसें दिसतात. चित्र खरें आहे कीं खोटें, हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवूं. तें बीं अस्सल असलें तरी आपल्या अंगणांत तें काय करील? कांद्याला गड्डा धरण्यासाठीं ठराविक लांबीचा दिवस लागतो. युरोपच्या उत्तर भागांत लावतात त्या कांद्यांस १४ तास अगर त्याहून मोठा दिवस हवा असतो. आपल्याकडे वर्षांतील सर्वांत मोठा दिवसहि सुमारें साडेतेरा तासांहून अधिक नसतो. तेव्हां तो कांदा येथें नुसती पात देईल, गड्डा धरणार नाहीं. फ्लॉवरचेंहि तसेंच आहे. कडक थंडीचे उशिरा येणारे वाण उबदार हवेंत लावले, तर पानेंच वाढत राहतात व गड्ड्याची वाट पाहून घरचीं माणसें कंटाळतात. दोष मातीचा नाहीं, मेहनतीचा नाहीं. बीं परक्या आकाशासाठीं जन्मलेलें असतें, एवढेंच. शिवाय असल्या बियाण्यांतून रोग व तण येण्याची भीति असते. २०२० सालीं कित्येक देशांतील लोकांच्या घरीं त्यांनीं न मागवलेलीं बियाण्याचीं पाकिटें टपालानें येऊं लागलीं, तेव्हां आपल्या केंद्र सरकारनेंहि राज्यांस सावधगिरीची सूचना दिली होती. न मागतां आलेलें अगर कोठून आलें हें न कळणारें बीं कुतूहलानें देखील पेरूं नये.

याचा अर्थ परदेशचें सर्व त्याज्य, असा नव्हे. आपल्या फोडणींतली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. बटाटा व टोमॅटो हेहि मूळचे अमेरिकेचे. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध करणारे मिशनरी विल्यम कॅरी हे वनस्पतींचे मोठे भोक्ते होते. त्यांनीं १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागायतीच्या सुधारणेसाठीं एक संस्था स्थापिली. दूरचें बीं आणावें, येथील मातींत लावून पाहावें, आणि टिकेल तें लोकांस द्यावें, असा असल्या कार्याचा रोख असतो. दूरचें बीं वाईट नसतें. न पारखतां गळ्यांत बांधलेलें बीं वाईट असतें.

बहुतेक घरांना मात्र तालुक्याच्या गांवचें बियाण्याचें दुकानच जवळचें. चांगल्या दुकानदाराची ओळख अशी कीं, तो पावती मागितल्यावर कपाळास आंठ्या घालीत नाहीं, माल उन्हांत मांडीत नाहीं, आणि हें बीं आतां लावूं नका, दोन महिन्यांनीं या, असें सांगून गिऱ्हाईक परत पाठविण्यास भीत नाहीं. हंगाम सांगून विक्री गमावणारा दुकानदार दहा मैलांवर असला तरी तेथें जावें. केवळ मोठ्या कंपनीचें म्हणून बियाण्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. जालन्यास १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं बियाण्याची कंपनी काढली, पुढें तें शहर बियाण्याच्या व्यापारासाठीं देशभर ओळखलें जाऊं लागलें, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण कंपनीचीं पाकिटें शेताच्या मापानें भरलेलीं असतात, हें घरच्या बागवाल्यानें ओळखावें. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्यें तीनशेंहून अधिक बिया असतात. एका कुटुंबास आठदहा झाडें पुरतात. तेव्हां चार शेजाऱ्यांनीं मिळून एक ताजें पाकीट घ्यावें व वांटून घ्यावें. जुनें अर्धें पाकीट तीन वर्षें फडताळांत जपण्यापेक्षां तें बरें.

रोपांच्या बाबतींत डोळ्यांना अधिक वाव आहे, आणि फसगतहि डोळ्यांमुळेंच होते. सर्वांत उंच व फुलावर आलेलें रोप लोक आधीं उचलतात. वास्तविक तें छोट्या भांड्यांत फार दिवस कोंडलेलें असतें. त्याच्या मुळ्या तळाशीं वेटोळें घालून बसलेल्या असतात, व जमिनींत लावल्यावर तें फारसें वाढत नाहीं. ठेंगणें, जाड देठाचें, गर्द पानांचें, पांढऱ्या मुळ्यांचें रोप घ्यावें. पान उलटून पाहावें; तेथें बारीक पांढऱ्या माशा उडाल्या तर ती रोपवाटिका सोडावी, कारण टोमॅटोचीं व मिरचीचीं पानें आंवळून टाकणारे विषाणु त्या माशीबरोबर घरीं येतात. बारीक जाळीखालीं रोपें वाढविणारा माळी दोन पैसे अधिक मागत असेल, तर ते द्यावे. वाणाचें नांव व पेरल्याची तारीख विचारावी. टोमॅटोचें रोप सुमारें २५ ते ३० दिवसांचें, वांग्या-मिरचीचें ३५ ते ४५ दिवसांचें लावण्याजोगें होतें. आठवड्याच्या बाजारांत जुड्या बांधून येणारीं रोपेंहि वाईट नसतात. मात्र तीं त्याच दिवशीं उपटलेलीं असावीं, व घरीं आणून संध्याकाळींच लावावीं. मेथी, मुळा, गाजर, भेंडी, घेवडा यांचीं रोपें मात्र विकत घेऊं नयेत. यांचें बीं जागच्या जागीं पेरावें. उचलून लावलेला मुळा सरळ पोसत नाहीं.

येथवर आम्ही विकत घेण्याविषयीं बोललों. परंतु सर्वांत जवळचा, सर्वांत जबाबदार बियाणेंवाला म्हणजे आपणच, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. संकरित बियाण्याचे आम्ही शत्रु नाहीं. त्याचें पीक भरघोस व एकसारखें येतें. पण त्या फळांतील बीं पुन्हां लावलें तर पुढची पिढी आईबापांसारखी निघेल याचा भरंवसा नसतो, आणि म्हणून तें दरवर्षीं विकतच घ्यावें लागतें. यास्तव आमचें सांगणें असें कीं, चार वाफ्यांत वाटेल तर संकरित लावा, पण एक वाफा तरी सरळ देशी वाणाचा राखा व त्याचें बीं धरा. आरंभ वाल, चवळी, घेवडा, मेथी व टोमॅटो यांपासून करावा. घेवडा, चवळी व टोमॅटो हीं तर बहुधा स्वतःच्याच परागानें फळतात, त्यामुळें वाण बिघडत नाहीं. काकडी-भोपळ्यांच्या फुलांवर मधमाशा शेजारच्या वाणाचा पराग आणून टाकतात. तें काम पुढें शिकावें. सर्वांत निरोगी झाडास आधींच दोरा बांधून ठेवावा, म्हणजे त्याचीं फळें कोणी भाजीला तोडणार नाहीं. टोमॅटोचा गर बियांसकट दोन दिवस भांड्यांत आंबूं द्यावा, मग धुऊन बिया सावलींत वाळवाव्या. पूर्ण वाळलेलें बीं घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवून वर नांव व साल लिहावें.

हें काम किती मोलाचें आहे, हें अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं दाखवून दिलें आहे. त्यांस शाळेंत जावयास मिळालें नाहीं. तरी देशी वाणांचें बीं जमवून, लावून, वांटून त्यांनीं आपल्या घरीं बीजपेढी उभी केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याजवळचें ज्ञान आपल्यांपैकीं पुष्कळांच्या आज्यांजवळ होतें व कांहींजवळ अजून आहे. चुलीवरच्या शिंक्यांत टांगलेला दुधी, राखेंत घोळलेला वाल, हीं त्या ज्ञानाचीं चिन्हें होत. कायदाहि आड येत नाहीं. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र संरक्षित वाणाचें बीं व्यापारी छाप मारून विकतां येत नाहीं. हक्क आहे, पण आजी गेल्यावर डबा उघडून त्यांतील बीं कोणतें, हें सांगणारें कोणी नसलें, तर त्या हक्काचा उपयोग काय?

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी आहे. यंदांच्या पावसाळ्यांत प्रत्येकानें एक लहान वही घालावी. बीं कोणाकडून आणलें, वाण कोणता, चाचणीची तारीख कोणती, किती बिया पेरल्या, किती उगवल्या, फळ कसें आलें, एवढेंच तींत लिहावें. पुढील वर्षीं बीं कोठून घ्यावें, हें ती वहीच सांगेल. ज्या दुकानाचें बीं उगवलें त्याचे आभार मानावे. ज्याचें उगवलें नाहीं त्यास ती वही नम्रपणें दाखवावी. खरा व्यापारी ती पाहून रागावणार नाहीं. पालकांनींहि वाफा रिकामा राहिला तर मुलास हंसूं नये. त्याच्याजवळ बसून आधीं पाकिटावरची तारीख वाचावी. आणि शाळेंत एक लहान कपाट बियाण्यासाठीं राखतां आलें, तर सुटीवरून परत येतांना प्रत्येकानें आपल्या गांवचें मूठभर बीं, त्याचें गांवांतलें नांव व तें देणाऱ्याचें नांव लिहिलेल्या चिठ्ठीसह आणावें. अशा कपाटांतील प्रत्येक पुडीमागें एक ओळखीचें माणूस उभें असेल. बियाण्यावर याहून चांगला शिक्का आम्हांस ठाऊक नाहीं.